घेवड्याच्या अकरा बिया

घड्याळकाकांच्या दुकानात एक नियम होता: चालू घड्याळ उघडायचं नाही. गिऱ्हाईक कितीही बडं असो, मनगटावरचं घड्याळ काढून "एकदा आतून बघता का, बरीच वर्षं झाली" म्हणालं, की काका ते कानाला लावायचे, दहा-बारा सेकंद ऐकायचे आणि परत करायचे. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा? झाकण उघडलं की धूळ आत जाते." बंद पडलेल्या घड्याळाला मात्र ते सोडायचे नाहीत. डोळ्यात भिंग बसवून, हातात चिमटा घेऊन, अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलून टेबलावर मांडायचे. चाळीस वर्षं असं गेलं. त्यांना खरं नावही होतं, पण गल्लीत ते कोणाला आठवत नव्हतं आणि काकांची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

नियम चांगलाच होता. फक्त तो दुकानातच ठेवायला हवा होता. काका तो दुकानाच्या किल्ल्यांबरोबर रोज घरी आणत.

घरी बायको होती. ती सकाळी उठायची, चहा ठेवायची, डबा भरून द्यायची आणि मग दिवसभर घरामागच्या जागेत भाजी लावायची. जागा म्हणजे काय, दोन खोल्यांच्या रुंदीची मातीची पट्टी, तीन बाजूंनी भिंत आणि कोपऱ्यात नळ. तिथून ती टोमॅटो, मुळे, काकड्या आणि घेवडा असं काढायची की शेजाऱ्यांनाही वाटून उरायचं. काकांनी त्या बागेत कधी पाऊल टाकलं नाही असं नाही, पण टाकलं ते नळ गळत असला किंवा एखादी वस्तू आवरायची असली तरच. संध्याकाळी बूट काढताना ते विचारायचे, "बरी आहेस ना?" आणि आतून उत्तर यायचं, "माझं काय, मी बरी." झालं. काकांच्या दृष्टीनं कानाला लावून ऐकल्यासारखंच होतं ते.

शेवटच्या वर्षात ती जरा वेंधळी झाली आहे, असं मात्र त्यांचं मत झालं होतं. पत्र्याची बादली नळाखाली ठेवायची, ही जागा ठरलेली. पण ही बाई रोज ती बादली वाफ्यांच्या मधोमध, वाटेत, उलटी घालून ठेवायची. काका दुकानातून आले की ती सुलटी करून नळाखाली ठेवत आणि आत येऊन सांगत, "वस्तू जागेवर ठेवत जा गं." ती "हो" म्हणायची. दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा वाटेत उलटी. शेवटी शेवटी काकांनी सांगणं सोडून दिलं आणि मुकाट्यानं बादली उचलून ठेवायला लागले. स्वतःच्या सहनशीलतेचं त्यांना थोडं कौतुकही वाटायचं, आता काय लपवायचं.

मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली ती तिला उठताच येईना. त्यानंतर सगळं मिळून तीन आठवडे. डॉक्टर तरुण होता, नजर चुकवून बोलत होता. म्हणाला, "सात-आठ महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. त्रास बराच आधीपासून असणार. कधी बोलल्या नाहीत?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनी फाईल पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि दवाखान्याचा जिना उतरले.

ती गेल्यावर काका रडले नाहीत. आलेगेले म्हणाले, "खंबीर आहेत हो." खंबीर कसले? हातावर झोपल्यावर सकाळी हात असतो पण आपला वाटत नाही, तसे ते पायापासून डोक्यापर्यंत झाले होते. भूक लागायची नाही, पण वेळ झाली की जेवायचे. चहा गोड झाला की बिनसाखरेचा, ते प्यायल्यावरही सांगता आलं नसतं. दुकान त्यांनी एका ओळखीच्याला देऊन टाकलं आणि तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती दर रविवारी दहाला फोन करायची. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "तू बरी?" "माझं काय, मी बरी." "बरं, ठेवतो मग." चार महिने हेच.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक निळा डबा आहे. त्यात आईचं घेवड्याचं बी असेल. बघता का?"

काकांनी डबा काढला. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत तपकिरी ठिपक्यांच्या पांढऱ्या बिया. त्यांनी मोजल्या. "अकरा आहेत."

"अकराच?" मुलगी म्हणाली. "दरवर्षी बरणीभर असायचं. मागच्या वर्षी तिनं फारसं लावलंच नाही वाटतं. बाबा, ते बी तिच्या आईकडचं आहे. माझ्या लग्नात तिनं मला दिलं होतं, मी इथल्या बाल्कनीत लावून घालवलं. ऊनच येत नव्हतं. आता वर गच्चीवर जागा मिळणार आहे. तेवढं लावाल? या वर्षी नाही लावलं तर पुढे उगवेल की नाही कोण जाणे. मग संपलंच ते."

"लावतो," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. पण कोणीतरी काम सोपवलं होतं आणि सोपवलेलं काम चाळीस वर्षांत त्यांनी कधी टाळलं नव्हतं.

आता घड्याळवाला भाजी लावणार म्हणजे कशी लावणार? पट्टी घेऊन. काकांनी दोन वाफे खणले, ढेकळं फोडली, दोरी ताणली आणि बरोब्बर एक-एक फुटावर अकरा खुणा केल्या. प्रत्येक बी बोटाच्या एका पेराएवढं खोल गेलं पाहिजे, असं बागकामाच्या एका पुस्तकात होतं. पण बोटाबोटांत फरक असतो, म्हणून त्यांनी एक काडी मापून कापली आणि तिनंच भोकं पाडली. दुकानात घड्याळाला बांधायच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या, त्यावर एक ते अकरा आकडे घालून काटक्यांना बांधल्या. शेजारच्या वाफ्यात टोमॅटो आणि मुळा टाकला. पाणी घातलं. आणि खुर्ची आणून समोर बसले.

पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथ्या दिवशी काकांनी डोळ्यात भिंग बसवलं, चिमटा घेतला आणि एक नंबरचं बी वर काढलं.

बी फुगलं होतं. बाकी काही नाही. त्यांनी ते पुन्हा पुरलं, वर माती सारखी केली आणि दोन नंबर काढलं. मग तीन. असे अकराही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बंद पडलेलं यंत्र उघडून बघायचं नाही तर काय करायचं, दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. सहाव्या दिवशी चार नंबरच्या बुडाला पांढरा कोंब दिसला. काकांनी तो नीट बघावा म्हणून बी उन्हाकडे फिरवलं आणि कोंब चिमट्यात राहिला, बी मातीत पडलं. दुसऱ्या दिवशी असंच सात नंबरचं झालं. एक बी मऊ पडून चिमट्यात फुटलं. काकांनी चिठ्ठ्यांवर एकेक फुली मारली. दुकानात दुरुस्त न होणाऱ्या घड्याळावर मारायचे तशीच. मुळ्याचीही गत फार वेगळी नव्हती. पानं वर आल्यावर खाली किती जाड झालाय ते बघायला काका मुळा उपटायचे, मापायचे आणि परत त्याच भोकात उभा करायचे.

दोन आठवडे व्हायच्या आत आठ फुल्या झाल्या.

नवव्याची पाळी आली तेव्हा काका पालथे झोपून, डोळ्याला भिंग लावून मातीत नाक खुपसून होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो घड्याळवाले, चक्कर आली की काय?"

शेजारच्या नर्सबाई होत्या. तीस वर्षं दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वॉर्डातलाच. भिंतीजवळ स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहिल्या की कमरेपासून वर दिसायच्या.

"तपासतोय," काका म्हणाले.

"काय तपासताय?"

"उगवतंय का ते."

नर्सबाईंनी आठ फुल्या बघितल्या आणि चिमटाही. कपाळावर हात मारून घेतला. "हे बघा, ते बाहेर काढू नका. आहे तसं राहू द्या. कोंब फुटताना कोणी रोज उचलून बघतं का? तुम्ही मारलीत ती. चांगली जिवंत बियाणी मारलीत."

"मग कळायचं कसं?"

"रोज यायचं. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. आणि बघायचं."

काकांनी चिमटा खिशात ठेवला. आठ बिया आपण मारल्या, हे त्यांना समजलं. समजलं इतकंच, लागलं नाही. रविवारी मुलीनं विचारलं, "उगवलं का?" तर म्हणाले, "तीन शिल्लक आहेत." कशामुळे ते सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस घड्याळकाका बागेत हात पाठीमागे बांधून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे फिरत होते. बोटं नुसती शिवशिवत होती. पाचव्या दिवशी नऊ नंबरपाशी मातीला भेग पडली आणि वाकलेली मान दिसली. सहाव्या दिवशी अकरा नंबर. दहा नंबरचं कधी आलंच नाही. नवव्याला दोन पानं फुटली आणि एका सकाळी ती गोगलगाईनं साफ केली होती, नुसता देठ उभा. उरला अकरावा. एकच वेल, आणि त्याच्यावर सगळं.

त्या वेलाला काकांनी डोळ्यात तेल घालून सांभाळलं. गोगलगाय येऊ नये म्हणून भोवती राखेचं कडं केलं. काठी रोवली, दोरी बांधली. नर्सबाई स्टुलावरून शिकवत आणि काका शिकत. दुपारी पानं लोंबली तर घाबरायचं नाही, ऊन असतं. सकाळीही लोंबलेली असतील तर तहान. पाणी पानांवर नाही, बुडाशी. वेल कुठे चढायचा ते तो बघेल, त्याला ओढायचं नाही. वेल चढला, काठी संपली तशी दोरीवर गेला, त्याला जांभळट फुलं आली. काकांना वाटलं, जमलं आपल्याला. वाटलं म्हणजे तसा विचार मनात आला. रविवारी फोनवर ते आपणहून म्हणाले, "फुलं आली आहेत." तिकडे मुलगी इतकी खूश झाली की काकांनी फोन कानापासून लांब धरला.

त्याच आठवड्यात नर्सबाई पहिल्यांदाच दारानं आत आल्या. वेलासमोर उभ्या राहिल्या. "छान आहे," म्हणाल्या, आणि एक पान हातात धरून उलटं केलं.

पानाच्या पाठीवर काळा मावा खच्चून भरला होता. टाचणीच्या डोक्याएवढे किडे, एकाला एक चिकटून, रस पीत बसलेले. त्यांनी दुसरं पान उलटलं. तेच. तिसरं. तेच.

"वरून तर सगळं हिरवंगार दिसतंय," काका म्हणाले.

"वरून हिरवंच दिसणार. खालून बघायला हवं होतं."

"हे कधीपासून असेल?"

"दहा-बारा दिवस तरी झाले."

दहा-बारा दिवस काका रोज त्याच्यासमोर उभे होते. सकाळ-संध्याकाळ. हात पाठीमागे. पान उलटावं असं त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं, कारण वेल चांगला वाढत होता.

नर्सबाईंनी साबणाचं पाणी करायला सांगितलं. काका बादली घेऊन आले, फडकं आणलं. एकेक पान खालून पुसायचं होतं, शेकड्यानं पानं. नर्सबाईंचे गुडघे दुखत होते. त्यांनी दुसरी, पत्र्याची रिकामी बादली नळाखालून उचलली, वाटेत उलटी घातली आणि तिच्यावर बसल्या.

काकांचा हात पानावरच थांबला.

"काय झालं?" नर्सबाई म्हणाल्या.

"ही बादली," काका म्हणाले. "ही... ती पण अशी उलटी..."

"हो, वहिनी बसायच्या ना. मागचं वर्षभर त्यांना उभ्यानं जमत नव्हतं. दर पाच मिनिटांनी बसायच्या. पोटाशी हात धरून." नर्सबाई फडकं पिळत बोलत होत्या, मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मी दोनदा म्हटलं त्यांना, चला माझ्याबरोबर, दाखवून येऊ. तर म्हणाल्या, यांच्या कानावर घालू नका. यांचं काम बारीक असतं, डोक्यात काही राहिलं तर हात हलतो. हंगाम संपला की जाऊ म्हणाल्या. मीही ऐकलं. ऐकायला नको होतं. तीस वर्षं नोकरी करून मला तेवढं कळायला हवं होतं."

काका पानं पुसत राहिले. खालची झाली, मग मधली, मग हात पुरेना तशी खुर्ची आणून वरची. वर्षभर रोज संध्याकाळी त्यांनी ती बादली हातानं उचलून सुलटी केली होती. रोज. बायकोनं दुखणं लपवलं, ते तोंडानं. बादली तिनं लपवली नव्हती. ती वाटेत होती, त्यांच्या पायात येत होती, आणि त्यांनी ती जागेवर ठेवली होती.

नर्सबाई केव्हा गेल्या ते त्यांना कळलं नाही. साबणाचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी दोन्ही बादल्या धुतल्या आणि नळाखाली ठेवल्या. आत जाऊन जेवायला वाढून घेतलं. पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळताच येईना. पाणी पिऊन त्यांनी तो खाली ढकलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी अडलं होतं, पण त्याच्यापुढे काही झालं नाही. डोळे कोरडेच राहिले.

त्यानंतर रोज सकाळी काका प्रत्येक पान उलटून बघायला लागले. मावा गेला. शेंगा धरल्या. कोवळ्या, हिरव्या, नखानं सहज मोडतील अशा. काकांनी त्यातली एकही खाल्ली नाही. टोमॅटो नर्सबाईंना दिले, मुळा एकही धड निघाला नाही आणि घेवड्याच्या सगळ्या शेंगा वेलावरच ठेवल्या. त्या पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग वारा आला की खुळखुळायला लागल्या. एका रविवारी सकाळी काकांनी त्या कात्रीनं कापल्या आणि बागेतच बसून सोलल्या. दहा शेंगा. ताटलीत तपकिरी ठिपक्यांच्या पांढऱ्या बिया पडत गेल्या. त्यांनी दोनदा मोजल्या. त्रेचाळीस.

दहाला फोन वाजला.

"त्रेचाळीस!" काका म्हणाले, मुलीनं "हॅलो" म्हणायच्या आत.

"खरंच? बाबा, खरंच? एका वेलाच्या?"

"एका वेलाच्या. अर्धं तुला. पण पेरायला मी येतो. तू उकरून बघशील."

"मी कशाला उकरून बघेन?"

"काही सांगता येत नाही. आपल्या घरात आहे ती खोड." आणि चिमट्याची, आठ फुल्यांची सगळी हकिगत काकांनी तिला सांगून टाकली. मुलगी हसली. हसू लवकर संपलं. काकांनी ते ऐकलं.

"तू बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"माझं काय, मी बरी."

तोच सूर. तेच शब्द. इतकी वर्षं बूट काढताना ऐकलेले आणि त्यानंतर दर रविवारी. इथे काका म्हणायचे, "बरं, ठेवतो मग." तोंडात आलंही होतं.

"बरी म्हणजे कशी?" काका म्हणाले.

"म्हणजे... बरी. काही नाही."

"झोप लागते का?"

"बाबा, ठेवू का मग?"

"फोन ठेवू नकोस," काका म्हणाले. "मी पुष्कळ दिवस विचारलंच नाही. तुझ्या आईलाही विचारलं नाही. मी नुसता बरी ना, बरी ना करत राहिलो. आता विचारतोय. मला वेळ आहे. तू सांग."

मग मुलगी बोलली, तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगत असल्यासारखा. "बाबा, आई गेल्यापासून मला काही वाटतच नाही. ऑफिसला जाते, येते, जेवते. चव नाही कशाला. मी रडले पण नाहीये. एकदासुद्धा नाही. सगळे म्हणतात किती खंबीर आहे. मला वाटतं, माझ्यात काहीतरी बिघडलंय. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही इतके सावरलेले. म्हटलं, माझं ऐकून तुम्हालाच त्रास होईल."

खुर्ची आत होती. काकांनी मोकळ्या हातानं नळाखालची बादली ओढली, वाटेतच उलटी घातली आणि तिच्यावर बसले.

"मी पण नाही रडलो गं," ते म्हणाले.

"काय?"

"एकदाही नाही. चहात साखर आहे की नाही ते मला कळत नाही. आठ-नऊ महिने झाले."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तू विचारलंस, जेवलात का. मी जेवलो होतो."

त्यावर तिकडून एक आवाज आला, हसण्याचा की कसला ते काकांना ओळखता येईना. मग तो वाढत गेला आणि ओळखता आला. "रडू नकोस" असं काकांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी बोलू दिलं नाही. मांडीवर ताटली होती. बिया ओल्या होऊ नयेत म्हणून त्यांनी ती बाजूला खाली ठेवली, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपलीही हनुवटी ओली आहे.

दोघं किती वेळ बोलत होते ते काकांनी बघितलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी बिया दोन पुड्यांत बांधल्या, एकवीस एका पुडीत आणि बावीस दुसरीत, आणि मोठ्या पुडीवर मुलीसाठी असं लिहिलं. संध्याकाळी नळ बंद करायला ते मागे गेले तर बादली वाटेत उलटीच पडली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.